कवितेच्या वहीला साक्षीला बोलावू नका

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ मधल्या एका निकालपत्रात आरोपीच्या कवितांचा उल्लेख येतो. खटला महाराष्ट्रातला होता. एका लहान मुलाचं अपहरण आणि खून, आणि त्याबद्दल झालेली फाशी. गुन्ह्याच्या वेळी आरोपी २२ वर्षांचा होता. अपिलाचा निकाल लागेपर्यंत त्याची १८ वर्षं तुरुंगात गेली होती. तिथूनच परीक्षा देऊन तो पदवीधर झाला होता आणि कविता लिहू लागला होता. न्यायालयानं त्याचं तेव्हाचं वय, तुरुंगातलं वर्तन, शिक्षण हे सगळं विचारात घेतलं आणि त्याच्या जोडीनं कविताही. आपली चूक त्याला उमगली आहे असं या कवितांवरून दिसतं, अशा अर्थाचा अभिप्राय नोंदवून फाशी रद्द केली आणि जन्मठेप दिली.

फाशी मला मुळातच मान्य नाही, त्यामुळे निकाल वाचून बरं वाटलं. पण लगेच डोक्याला एक भुंगा लागला. समजा, शेजारच्या बरॅकीत आणखी एक जण आहे. गुन्हा तसाच, पश्चात्तापही तितकाच खरा. पण त्याला चार ओळी धड लिहिता येत नाहीत, कदाचित सहीच्या जागी अंगठाच उठवतो. त्याच्या मनात काय चाललंय ते न्यायालयापुढे कोण मांडणार? आणि समजा, तिसराही एक आहे. त्याला काही म्हणजे काही वाटत नाही, पण भाषा मात्र त्याच्या हातात छान खेळते. त्यानं लिहिलेली कविता वाचून आपल्या डोळ्यांत पाणी येईल, आणि ते पाणी त्याच्या खात्यात जमा होईल.

तेव्हापासून जन्मठेप भोगणाऱ्यांचं लेखन आणि त्यांची चित्रं जिथे सापडतील तिथे मी बघत आले. भुंगा अजून गेलेला नाही.

तुरुंगात लिहिलेल्या पुस्तकांचं मराठी वाचकाला अप्रूप नाही. टिळकांनी मंडालेत पेन्सिलीनं ‘गीतारहस्य’ लिहून काढलं, साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’. सावरकरांना तर दोन जन्मठेपा, एकूण ५० वर्षं. अंदमानात कागद मिळत नव्हता तेव्हा कविता भिंतीवर कोरायच्या आणि पाठ करून ठेवायच्या, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. आपल्या भाषेबाहेर बघितलं तर मंडेला. १९६४ मध्ये जन्मठेप झाली, रॉबेन बेटावर चोरून आत्मचरित्र लिहिलं, सोबत्यांनी त्याची मुंगीच्या अक्षरात नक्कल केली आणि ती बाहेर पाठवली. मूळ कागद डब्यांत घालून अंगणात पुरले होते. भिंत बांधायला खोदकाम निघालं, कागद सापडले, आणि शिक्षा म्हणून या मंडळींची अभ्यासाची सवलत चार वर्षं बंद झाली.

हे सगळं वाचताना आपण बिनधास्त कैद्याच्या बाजूनं असतो. सरकार परकं किंवा जुलमी असतं, आणि कागदोपत्री जो गुन्हा असतो तो आपल्या लेखी पराक्रम असतो. त्यामुळे तुरुंगातली वही म्हटली की आपला हात आपोआप जोडला जातो. बायकोला मारलेल्या, दरोड्यात पहारेकऱ्याला संपवलेल्या, भावकीच्या भांडणात कुऱ्हाड उचललेल्या माणसाची वही समोर आली तर हातांचं काय करायचं, हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. मला बोलायचंय ते या दुसऱ्या वहीबद्दल.

त्याआधी थोडं शिक्षेबद्दल. जन्मठेप म्हणजे १४ वर्षं, ही आपल्याकडची पक्की समजूत आहे आणि ती चुकीची आहे. गोपाळ गोडसेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९६१ मध्येच सांगितलं की जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य; सरकारनं शिक्षेत सूट दिली तरच सुटका. कायद्यात १४ वर्षांची अट आली ती १९७८ मध्ये, तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४३३-अ कलमातून, आणि तीही किमान म्हणून: ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यात निदान एवढी वर्षं काढल्याखेरीज सोडायचं नाही. जगभर या शिक्षेची मापं वेगवेगळी आहेत. पोर्तुगालनं ती एकोणिसाव्या शतकातच काढून टाकली. अमेरिकेत पॅरोलची शक्यताच नसलेली जन्मठेप भोगणारे ५०,००० हून जास्त आहेत. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानं २०१३ मध्ये ब्रिटनविरुद्धच्या एका प्रकरणात म्हटलं की फेरविचाराची वाटच न ठेवता माणसाला मरेपर्यंत कोंडणं ही अमानुष वागणूक ठरते.

कायद्याचं एवढं पुरे. लेखनाच्या दृष्टीनं महत्त्वाचं इतकंच, की दहा वर्षांची शिक्षा झालेल्याजवळ एक तारीख असते. तो दिवस मोजतो, सुटल्यावर काय करायचं ते ठरवतो, आणि त्याचं लिहिणंही त्या तारखेकडे तोंड करून असतं. जन्मठेपवाल्याजवळ ती तारीख नसते. फार तर एक समिती असते, जी कधी बसेल आणि काय म्हणेल हे त्याला ठाऊक नसतं.

आता गंमत बघा. तुरुंगात चित्रकलेचा वर्ग सुरू करायचा असेल तर प्रस्तावात एक वाक्य ठरलेलं असतं: यामुळे बंद्यांचं पुनर्वसन होईल आणि बाहेर पडल्यावर ते पुन्हा गुन्ह्याकडे वळणार नाहीत. देणगीदार याच वाक्यावर सही करतो, अधिकारी याच वाक्यावर मंजुरी देतो. वाक्य खोटं नाही. पण जो बाहेर पडणारच नाही त्याला ते लागू कसं करायचं? त्याच्या हाती ब्रश दिल्यानं कुठलीही आकडेवारी सुधारत नाही, समाजाचे पैसे वाचत नाहीत. तरी द्यायचा का?

मी म्हणते, द्यायचा. शिक्षा झाली ती स्वातंत्र्य काढून घेण्याची. हातानं काही घडवायचं नाही अशी शिक्षा कुठल्याही न्यायालयानं त्याला दिलेली नाही. आणि दिला नाही तरी तो घडवतोच, हेही आहे.

कॅलिफोर्नियातल्या पेलिकन बे या कडेकोट तुरुंगात एकांतकोठडीत असलेला एक जन्मठेपी होता. रंग मिळत नव्हते, ब्रश मिळत नव्हता. तुरुंगाच्या कँटीनमधून ‘एम अँड एम’ या रंगीत चॉकलेटच्या गोळ्या मात्र विकत घेता यायच्या. द्राक्षाच्या जेलीची छोटी प्लॅस्टिकची वाटी घ्यायची, त्यात गोळ्या भिजत घालायच्या आणि साखरेच्या कवचावरचा रंग पाण्यात उतरू द्यायचा. एका वाटीत लाल, एका वाटीत निळा. प्लॅस्टिक आणि चांदीचा कागद गुंडाळून दांडी करायची, टोकाला स्वतःच्या डोक्यावरचे केस. हा झाला ब्रश. कॅनव्हास म्हणजे पोस्टकार्ड. राहून राहून मला प्रश्न पडतो, रंग उतरल्यावर उरलेल्या त्या पांढुरक्या, ओलसर गोळ्यांचं तो काय करत असेल? खात असणार. रंग म्हणून पैसे मोजलेली वस्तू खाऊ म्हणूनही वापरून होते, असा हिशेब एरवी कुठल्या चित्रकाराला जमणार?

२००६ मध्ये या पोस्टकार्डांचं मेक्सिकोत प्रदर्शन झालं, काही चित्रं ५०० डॉलरला एक अशी विकली गेली. पैसे कैद्यांच्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेला जायचे होते. वर्तमानपत्रात बातमी आली आणि तुरुंगानं परवानगीशिवाय धंदा केल्याचा ठपका ठेवून त्याच्यावर कारवाई केली. तीन जन्मठेपा भोगणाऱ्याला आणखी कसली शिक्षा करणार, असं आपल्याला वाटतं. पण तुरुंगाकडे काढून घेण्यासारखं नेहमीच काहीतरी शिल्लक असतं.

तुरुंगातली कला बारीक असते, छोट्या आकाराची असते, तपशिलांनी गच्च भरलेली असते, असं समीक्षक म्हणतात. त्यामागे शैलीपेक्षा नियम असतो. केवढा कागद चालेल, पेन्सिल केवढी असावी, जवळ किती वस्तू ठेवता येतील, झडतीत काय उचललं जाईल, यावर चित्राचा आकार ठरतो. फक्त वेळेवर बंधन नसतं. काडेपेटीच्या काड्या चिकटवून जहाजं आणि देवळं बनवणारे कैदी जगाच्या सगळ्या तुरुंगांत आहेत, ते याचमुळे. बाहेरच्या माणसाला एवढा वेळ परवडत नाही.

मात्र एका माणसानं आकाराचा नियम कागदावरच मोडला. हर्मन वॉलेस. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्याच्या अँगोला तुरुंगात १९७२ पासून एकांतवासात. कोठडी सहा फूट बाय नऊ फूट. तीस वर्षं उलटून गेल्यावर जॅकी सुमेल या तरुण कलावतीनं त्याला पत्रातून विचारलं, की इतकी वर्षं एवढ्याशा जागेत काढलेला माणूस कसल्या घराचं स्वप्न बघतो? वॉलेसनं उत्तर लिहायला घेतलं आणि ते पुढे वर्षानुवर्षं चाललं. खोल्या, दारं, लाकडी भिंती, स्वयंपाकघर. पोहण्याचा तलाव, त्याच्या तळाला रंगवलेला काळा चित्ता, कारण तो कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर चळवळीतला. घरासमोर बागेचे तीन चौकोन. बागेची कल्पना करणं सगळ्यात सोपं जातं, असं तो लिहितो. त्यात गार्डेनिया, कार्नेशन आणि ट्युलिप असावेत, पाहुण्यांना बारा महिने फुलांतून चालता यावं. आणि न्हाणीत गरम पाण्याचा टब, सहा बाय नऊ फुटांचा.

टबच्या त्या मापाशी मी थांबले. हा विनोद आहे की सूड, की दुसरं मापच आता हाताला येत नाही? प्रत्येक वेळी वाचताना माझं उत्तर बदलतं. या घराची प्रतिकृती झाली, आराखडे झाले, शेजारी खऱ्या मापाची लाकडी कोठडी मांडून प्रदर्शनं झाली. वॉलेसला त्यातलं काहीच बघता आलं नाही. २०१३ मध्ये न्यायालयानं त्याची शिक्षा रद्द ठरवली. १ ऑक्टोबरला तो यकृताचा कर्करोग घेऊन बाहेर आला आणि ४ ऑक्टोबरला गेला.

वॉलेसच्या दोषसिद्धीबद्दलच शंका होत्या, त्यामुळे त्याच्याबद्दल हळवं होणं सोपं आहे. अवघड माणूस म्हणजे जॅक उंटरवेगर.

ऑस्ट्रियातला हा माणूस. १९७४ मध्ये एका १८ वर्षांच्या मुलीचा खून, १९७६ मध्ये जन्मठेप. आत तो वाचायला, लिहायला लागला. कविता, नाटकं, मुलांसाठी गोष्टी आणि एक आत्मकथन, ज्याचा बराच गाजावाजा झाला. व्हिएन्नातले लेखक, पत्रकार, विचारवंत त्याच्या सुटकेसाठी उभे राहिले. शिक्षेची किमान १५ वर्षं भरताच १९९० मध्ये तो सुटला आणि दूरचित्रवाणीवर, साहित्यिक कार्यक्रमांत पांढऱ्या सुटात मिरवू लागला. मग बायकांचे खून व्हायला लागले. उंटरवेगर पत्रकार म्हणून त्याच खुनांच्या बातम्या करत होता, पोलिसांना प्रश्न विचारत होता. १९९४ मध्ये ग्राझच्या न्यायालयानं त्याला नऊ खुनांबद्दल दोषी ठरवलं. त्याच रात्री त्यानं गळफास घेतला.

या प्रकरणाचा निष्कर्ष बहुतेक जण एकच काढतात: कैद्यांच्या कलेला भुलू नका. मला वाटतं, त्या विचारवंतांची चूक भुलण्यात नव्हती. पुस्तक आवडलं, त्यात काय बिघडलं? पुस्तक वाचून माणूस सुरक्षित आहे असं ठरवलं, तिथे घोड्यानं पेंड खाल्ली. वाक्य चांगलं जमणं हे कसब आहे. ते सज्जनाला साधतं, दुर्जनालाही साधतं, आणि तुरुंगाबाहेरच्या लेखकांच्या बाबतीत ही गोष्ट आपण कधीच पचवलेली आहे. बायकोला छळणारे थोर कवी आपल्याला ठाऊक असतात. त्यांच्या संग्रहावरून कुणी त्यांना चारित्र्याचा दाखला देत नाही. कैद्यालाच तेवढा देतो.

उलटं उदाहरणही आहे. स्कॉटलंडचा जिमी बॉइल, १९६७ मध्ये खुनाबद्दल जन्मठेप, तुरुंगातही इतका हिंसक की त्याला पिंजऱ्यात ठेवलं जायचं. १९७३ मध्ये ग्लासगोच्या बारलिनी तुरुंगात एक छोटा खास विभाग सुरू झाला, तिथे त्याला हलवलं. जॉइस लेंग या कलोपचार करणाऱ्या बाईंनी तिथे माती आणली. बॉइलच्या हातांनी ती उचलली आणि तो शिल्पकार झाला, पुढे सुटला आणि शिल्पकार म्हणूनच जगला. मातीनं चमत्कार केला, असं सांगायला किती छान. पण त्या विभागात मूठभरच कैदी होते, पहारेकरी त्यांच्याबरोबर बसून बोलत, सगळे मिळून सभा घेत, भांडण झालं तर तिथेच एकमेकांना जाब द्यावा लागे. यातलं किती काम मातीनं केलं आणि किती माणसांनी, हे कसं वेगळं काढणार? १९९४ मध्ये तो विभाग बंद करण्यात आला.

म्हणजे एक उदाहरण इकडचं, एक तिकडचं. यातून नियम निघत नाही, आणि तो काढायची घाई आपल्यालाच असते. आपल्याकडे तर साचा तयारच आहे: वाल्याचा वाल्मीकी. कैद्याच्या चित्रांची बातमी आली की मथळा न वाचताही सांगता येतो. त्या कथेत वाल्या प्रत्येक खुनामागे रांजणात एक खडा टाकतो आणि असे सात रांजण भरतात. मग नामजप, वारूळ, रामायण. वाल्मीकी झाल्यावर त्या रांजणांचं काय झालं, हे कथेत येत नाही. एकेक खडा म्हणजे कुणाचा तरी बाप, कुणाचा तरी नवरा. त्यांच्या घरच्यांनी रामायण ऐकलं का, त्यांना ते कसं वाटलं, कुणी विचारत नाही. जन्मठेपीच्या कलेबद्दल बोलताना रांजण मध्येच ठेवावे लागतात. नाहीतर ते बोलणं फार गोड होतं.

ज्यांचं माणूस गेलं त्यांच्यावर हे बघण्याची, समजून घेण्याची कसलीही सक्ती नाही. ‘तो आता किती सुंदर लिहितो’ हे त्यांना ऐकवण्याइतका निर्दयपणा दुसरा नसेल. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यानं १९७७ मध्ये कायदा केला, की गुन्हेगारानं आपल्या गुन्ह्याची कहाणी विकली तर पैसे त्याला मिळू नयेत, पीडितांसाठी राखून ठेवावेत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये तो फेटाळला. कारण त्याची व्याप्ती इतकी सैल होती की संत ऑगस्टीनचं आत्मकथनही कचाट्यात सापडलं असतं. निकाल कायद्याच्या भाषेत बरोबर असेल. पण मूळ भावना मला पटते. गुन्ह्याची गोष्ट विकून गुन्हेगारानं पैसे करू नयेत. घराची, बागेची, काडेपेटीच्या जहाजाची विकली तर विकू द्यावी.

आणि गुन्हा सांगावा की लपवावा? तुरुंगातल्या कलेच्या एका प्रदर्शनात मी बराच वेळ चित्रांऐवजी बघणाऱ्यांकडेच बघत बसले होते. लोक चित्रासमोर येत, क्षणभर थांबत आणि मग वाकून खालची पाटी वाचत. पाटीवर शीर्षक होतं, माध्यम होतं, गुन्हा नव्हता. एक गृहस्थ आयोजक मुलीला विचारत होते, ‘पण यानं केलं काय होतं?’ तिनं सांगितलं नाही. ते पुढच्या चित्राकडे गेले, ते जरा नाराज होऊनच. त्यांची नाराजी मला चुकीची वाटली नाही. ब्रिटनमध्ये आर्थर कोस्लर या लेखकानं १९६२ मध्ये कैद्यांच्या कलेसाठी पारितोषिकं सुरू केली. तो स्वतः १९३७ मध्ये स्पेनमध्ये जनरल फ्रँकोच्या तुरुंगात रोज मरणाची वाट बघत बसला होता. आजही तिथे दरवर्षी हजारो कलाकृती येतात, आणि कलाकारांची नावं न देता मांडल्या जातात. त्यामागची काळजी समजते: पीडितांच्या घरच्यांना ते नाव अचानक भिंतीवर दिसू नये. पण नाव गेलं की चित्राची जबाबदारी घेणारा माणूसही जातो.

अर्विन जेम्सचं असंच झालं. जन्मठेप भोगत असताना २००० सालापासून तो लंडनच्या ‘गार्डियन’मध्ये सदर लिहायचा. तुरुंगातला दिवस, शेजारचे कैदी, चहा, आवाज. सदर उत्तम होतं. आपण काय केलं हे तो लिहीत नसे. २००४ मध्ये सुटला, आणि दोन माणसांच्या खुनाबद्दल उघडपणे लिहिलं ते २००९ मध्ये. सदरातलं एक अक्षरही त्यामुळे खोटं ठरत नाही. तरीही आधी माहीत असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. माहीत असूनही आपण वाचलं असतं का, हा प्रश्न तेव्हाच सुटला असता.

कबुलीजबाबाच्या बाहेर पडलेलं जन्मठेपीचं लेखन कसं असतं, ते बघायचं तर पुन्हा वॉलेसच्या अँगोला तुरुंगात जावं लागतं. ‘द अँगोलाइट’ हे तिथल्या कैद्यांनी चालवलेलं नियतकालिक. संपादक विल्बर्ट रिडो, १९६१ मध्ये बँक लुटताना एका कर्मचारी स्त्रीचा खून केलेला, फाशीतून जन्मठेपेवर आलेला. १९७६ मध्ये तुरुंगाच्या प्रमुखानं सेन्सॉर उठवला आणि या मंडळींनी खरोखर पत्रकारिता केली. तुरुंगातले बलात्कार, कैद्यांची खरेदीविक्री, विजेच्या खुर्चीचा कारभार, आतच म्हातारे होऊन मरणारे लोक. देशातले मोठे पत्रकारिता पुरस्कार मिळाले. ४४ वर्षं आत काढून रिडो २००५ मध्ये सुटला. हे लेखन इतकं भक्कम का, याचं कारण सरळ आहे: अधीक्षकाची बदली होते, जन्मठेपीची होत नाही. तीस वर्षं एकाच इमारतीत राहणाऱ्याला कुठलं कुलूप कधी बदललं आणि का, हे माहीत असतं. आणि हे लेख वाचून ‘याला पश्चात्ताप झालेला दिसतो’ असं कुणी म्हटलं नाही. माहिती खरी आहे की नाही, एवढंच तपासलं.

त्याच तुरुंगात शवपेट्याही बनतात. बहुतेक कैदी तिथेच मरणार, तिथल्याच दफनभूमीत जाणार. पूर्वी त्यांना हलक्या प्रतीच्या खोक्यांतून पुरायचे. नव्वदीच्या दशकात तुरुंगातल्याच सुतारांनी साध्या प्लायवूडच्या, पण नीट रंधलेल्या पेट्या करायला घेतल्या. प्रसिद्ध धर्मोपदेशक बिली ग्रॅहम २०१८ मध्ये गेले, त्यांना याच सुतारशाळेतल्या पेटीतून पुरलं, आणि करणाऱ्या कैद्यांची नावं लाकडात डागून उमटवलेली होती. नाव द्यायला हरकत नसते, हे तिथे सिद्ध झालं. ती पेटी घेताना सुताराला किती पश्चात्ताप झालाय हे कुणी मोजलं नसणार. सांधे जुळलेत का, एवढं बघितलं असेल.

मला तीच नजर कवितेसाठी हवी आहे. माफीच्या समितीपुढे कवितांची वही ठेवू नये. तिथे वर्तनाच्या नोंदी असाव्यात, सोबत राहिलेल्या माणसांचं म्हणणं असावं, मानसोपचारतज्ज्ञांचा अहवाल असावा, पीडितांच्या घरच्यांना बोलायचं असेल तर त्यांना खुर्ची असावी. कुणाला सोडायचं आणि कुणाला नाही, हे ठरवायला एवढं पुरतं, आणि ज्याला लिहिता येत नाही त्याच्यावरही अन्याय होत नाही. वही बाहेर येऊ द्यावी, नावानिशी छापावी, आणि मग तिचं परीक्षण व्हावं. खरंखुरं, जसं कुणाही कवीचं होतं तसं.

कारण स्पष्टच सांगायचं तर, तुरुंगातल्या पुष्कळ कविता वाईट असतात. आई असते, चंद्र असतो, पिंजऱ्यातलं पाखरू तर हमखास असतं. शेवटच्या कडव्यात उपदेश येतो, बहुधा वर्ग घेणाऱ्या बाईंना किंवा साहेबांना आवडेल म्हणून. यावर आपण ‘वा, तुरुंगात राहून सुद्धा!’ म्हणतो आणि पुढे जातो. त्या ‘सुद्धा’नं कवीला आपण उमेदवारीतच कायमचं अडकवून ठेवतो. अशाच एका संग्रहात मला बरॅकीतल्या दिव्यावरची कविता भेटली. रात्रभर जळणारा दिवा, त्याचं बटण बाहेरच्या भिंतीवर, आणि कित्येक वर्षांत पूर्ण काळोख न बघितलेला माणूस. पहिल्या दोन कडव्यांत दिव्याखेरीज काही नाही, आणि ती चोख आहेत. तिसऱ्यात एकदम ज्ञानाचा प्रकाश येतो, मग परमेश्वर. संपादकानं हे तिसरं कडवं काढून टाकायला हवं होतं, आणि का काढलं ते कवीला पत्र लिहून कळवायला हवं होतं. त्यावर त्यानं भांडण काढलं असतं तर आणखी उत्तम.